पुणे–नागपूर रात्रीच्या एसी स्लीपर बसगाडीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, प्रवासी सेवा विभाग

विषय : चार्जिंग पॉइंट, एसीचा झोत व जेवणाचा थांबा

महोदय,

पुणे–नागपूर म्हणजे बारा-तेरा तास बर्थवर. माणूस तिथे दोनच कामे करतो, मोबाइल बघतो आणि झोपतो. आपल्या गाडीत दोन्ही धड होत नाहीत.

बर्थला यूएसबी पॉइंट आहे, पण मीटर लावून पाहिले तर ५ व्होल्टला जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. ५००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची. गळती धरून ती भरायला नऊ-दहा तास लागतील, तेही फोन बंद ठेवला तर. व्हिडिओ लावला की टक्के उलटे उतरतात. शेजारच्या बर्थवर फोन लागले की करंट आणखी पडतो. त्यावरून गाडीच्या बॅटरीच्या २४ व्होल्टचे ५ करणारा कन्व्हर्टर पाच-सहा बर्थना मिळून एकच असावा. त्यात पॉइंटच्या पट्ट्या सैल, खड्डा आला की पिन बाहेर. प्रत्येक बर्थला थेट २४ व्होल्टवर चालणारा १८ वॅटचा स्वतंत्र सॉकेट द्यावा.

वरच्या बर्थच्या एसी जाळीची पाती तुटली आहेत, त्यामुळे झोत ना वळवता येतो ना बंद करता येतो. मग प्रवासी भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबतात. तिथली अडलेली हवा पुढच्या बर्थवर दुप्पट जोराने येते, की तिथेही बोळा! पहाटेपर्यंत अर्धी गाडी कागदाने बुजलेली. निचऱ्याची नळी तुंबल्याने ब्रेक लागताच साठलेले पाणी गादीवर ओघळते ते वेगळेच. एक पाते बदलायला किती खर्च येतो, हे आपणच सांगावे.

जेवणाचा थांबा साडेअकराला, सगळे दिवे लावून. तो साडेनऊला घ्यावा व नंतर फक्त पायाशी मंद दिवे असावेत.

काच फोडायच्या हातोड्यांच्या तीन कड्या रिकाम्या आहेत. ते काम गाडी पुढच्या फेरीला निघण्याआधी व्हावे. बाकीच्यांबाबत १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे, अन्यथा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू.

आपले,
या मार्गावरील नियमित प्रवासी