दारू एकदम तोडू नका

महोदय,
गणपतीच्या तोंडावर कोकणात अनेक घरांत पिणाऱ्याला देवासमोर शपथ घालतात आणि त्याच दिवसापासून बाटली बंद करतात. हेतू चांगला, पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी तोडणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. खरा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवशी: ताप, धडधड, अंथरुणावर नसलेले किडे वेचणे, घरच्यांना न ओळखणे. नेमके हेच ‘बाधा’ समजून रुग्णाला भगताकडे नेतात आणि मोलाचे तास वाया जातात.

म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. त्यांना रोजचे प्रमाण आणि शेवटचे पिणे कधी झाले, हे खरे सांगावे. लाजेपोटी निम्मे सांगितले की औषधाचा डोस चुकतो. ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) दिले का, हेही विचारावे. दारू सोडवण्यासाठीची डायसल्फिरामची गोळी गुपचूप आमटीत मिसळणे तर साफ बंद व्हावे. त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळू शकतो; आणि कळल्यावर माणूस घरचे ताटच नाकारतो.

दारूमागे नैराश्य की नैराश्यामागे दारू, हे बहुधा काही आठवडे दारू सुटल्यावरच कळते. तोवर त्याला ताण नको, म्हणून गणपतीला आलेल्या मुंबईकर भावांनी जमिनीच्या वाटणीचा विषय कृपया काढू नये. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येते.

– एक वाचक, राजापूर