पक्षी सप्ताह नोव्हेंबरात, चिखल मात्र जानेवारीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या बातम्या तुमच्या अंकात येतात. फोटो बहुतेक वेळा उजनी धरणावरच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा असतो. मी त्या आवडीनं वाचते आणि कापून शाळेच्या फळ्यावर लावते. पण या पक्ष्यांसाठी शाळाशाळांतून जे कार्यक्रम घेतले जातात, त्यांची वेळ आणि पद्धत याबद्दल बरेच दिवस मनात आहे, ते आज लिहिते.

हिप्परगा तलावाच्या अंगाला असलेल्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे आणि मी पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. पक्ष्यांचं मला जे कळतं ते तलावावर जाऊन, दळण घेऊन येणाऱ्या भोई बायकांशी बोलून आणि रविवारी शहरातून येणाऱ्या पक्षीमित्रांना प्रश्न विचारून कळलेलं आहे.

आपल्या राज्यात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह सरकारी पातळीवर साजरा होतो. 5 नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा. चितमपल्ली सर मूळचे आपल्या सोलापूरचे. जून 2025 मध्ये ते गेले तेही इथंच. त्यामुळे या सप्ताहाबद्दल सोलापूरकरांना आपुलकी वाटणारच, मलाही वाटते. तो बंद करा असं कुणी म्हटलं तर पहिला विरोध मी करीन.

अडचण अशी की तो बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर तिच्या मागंपुढं येतो. 2023 साली लक्ष्मीपूजनच 12 नोव्हेंबरला होतं. 2026 साली ते 8 नोव्हेंबरला, म्हणजे सप्ताहाच्या बरोबर मध्ये. शाळेला कुलूप, लेकरं मामाच्या गावाला. मग शाळा उघडली की एखाद्या दिवशी घाईघाईनं चित्रकला स्पर्धा होते, बॅनर लागतो, पाहुण्यांचं भाषण होतं, फोटो वर पाठवला जातो आणि कार्यक्रम झाल्याची नोंद होते. मी ज्या कार्यक्रमाला बसले होते, त्यात लेकरांनी मोर काढले, पोपट काढले, एकीनं पेंग्विन काढला. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. तलाव शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण तिकडं कुणी फिरकलं नाही.

आणि गेले असते तरी नोव्हेंबरात फारसं काही दिसलं नसतं. मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

पाऊसकाळ चांगला झाला की नोव्हेंबरात आपले तलाव काठोकाठ असतात. पोहणाऱ्या बदकांना ते चालतं. पण चिखलपायी पक्ष्यांची गोष्ट वेगळी. टिलवा, तुतारी, चिखल्या, पाणटिवळा, शेकाट्या ही मंडळी पोहून पोट भरणारी नव्हेत. त्यांना घोट्याएवढं पाणी आणि ओला गाळ लागतो. त्या गाळात अळ्या, किडे, बारके शंख असतात, तेच त्यांचं अन्न. शेतीला पाणी सुटतं, ऊन चढतं, पाणी मागं सरकतं तशी ही गाळाची पट्टी उघडी पडत जाते. पाणी ओसरल्यावर पेरल्या जाणाऱ्या ज्या जमिनीला उजनीकाठचे शेतकरी गाळपेर म्हणतात, तिच्या आणि पाण्याच्या मधली ही पट्टी. जानेवारी ते मार्च हा तिचा मोसम. एप्रिल संपेपर्यंत यातले बहुतेक पक्षी उत्तरेला निघून गेलेले असतात.

छोटा टिलवा हा त्यातला सगळ्यात बारका. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे माझ्या तागडीवर काटा हलेल न हलेल. तो सैबेरियाच्या पार उत्तरेकडच्या, झाडंसुद्धा न उगवणाऱ्या बर्फाळ माळावर जन्मतो आणि थंडी काढायला आपल्याकडे येतो. सगळ्यात नवल म्हणजे या जातींमध्ये बहुधा मोठे पक्षी आधी निघून जातात आणि त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं मागाहून निघतात. वाट दाखवायला आई नाही, बाप नाही. मुलीच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “मग त्यांना हिप्परगा कसं सापडतं?” चित्रकला स्पर्धेत असा प्रश्न येत नाही.

आमच्या शाळेत आम्ही काय केलं ते सांगते, कारण त्याला पैसा लागत नाही. गिरणीतून ज्वारी, तूर आणि हरभरा नेला. दोन घमेल्यांत तलावाचा गाळ भरला. ज्वारी वरच्यावर टाकली, तूर बोटाच्या पेराएवढी खाली दाबली आणि हरभरा पार तळाला. लेकरांच्या हातात काडेपेटीच्या काड्या, आखूड झालेल्या पेन्सिली आणि लांब वेताच्या काड्या दिल्या. ही तुमची चोच, आता हिनं टोचून दाणे शोधा, डोळ्यांनी बघायचं नाही. आखूड चोचवाल्यांना ज्वारीच लागली, हरभऱ्यापर्यंत वेतच पोचला. पाणटिवळ्याची चोच लांब का आणि टिलव्याची आखूड का, एकाच काठावर दोघं भांडण न करता कसे जेवतात, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पाणटिवळ्याच्या चोचीच्या टोकालाच स्पर्श कळतो, चिखलात न बघता त्याला किडा लागतो, एवढंच मी वर जोडलं.

त्यानंतरच्या शनिवारी बाईंनी वर्ग तलावावर नेला. शनिवारी शाळा सकाळची असते आणि ‘आनंददायी शनिवार’ आहेच, त्यामुळे वेगळी परवानगी मागत बसावं लागलं नाही. पालकांच्या चिठ्ठ्या घेतल्या, पाण्यापासून लांब बांधावरच थांबायचं ठरलं, आम्ही दोघी-तिघी आया सोबत होतो. दुर्बीण एकच होती, एका पक्षीमित्रानं वापरायला दिलेली. लेकरं रांगेत उभी राहून पाळीपाळीनं बघत होती. एक मुलगी, जिची आई घरी गणवेश शिवते, दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाली, “आईच्या मशीनची सुई चालते तशी चोच चालतीय बघा.” टिलवा खरंच तसाच खातो. मान खाली, दोन पावलं, टकटकटक, परत दोन पावलं. पाण्याची कड जिथं गाळाला लागते तिथंच तो धावतो. मधूनच सगळा थवा उठला, वळताना एकदम पांढरा दिसला आणि पुन्हा तिथंच उतरला. का उठला ते लेकरांनीच शोधलं. पलीकडून दोन कुत्री पळत येत होती.

इथून पुढची चर्चा मला फार मोलाची वाटली. पक्षी उठला की त्याचं खाणं थांबतं आणि साठवलेली चरबी जळते. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना परतीच्या वाटेसाठी अंगात चरबी भरून घ्यायची असते. काही जातींचं वजन निघण्याआधी दीडपटीपर्यंत वाढतं. हे ऐकल्यावर एक मुलगा आपणहून म्हणाला, की तो आणि त्याचे मित्र थवा उडतो ते बघायला मजा म्हणून खडे मारतात. त्याला कुणी रागावलं नाही. पुढच्या शनिवारी तोच धाकट्यांना “पळू नका रे” म्हणून सांगत होता.

आता मोठ्यांचं. लेकरं शिकली आणि घरात-गावात काही बदललं नाही, तर उपयोग काय? काठावर गाडी थेट गाळात घालणारे हौशी फोटोवाले आहेत, तुटलेली नायलॉनची जाळी काठावरच टाकून जाणारे आहेत. आणि हल्ली तलाव सुशोभीकरणाची जी कल्पना निघाली आहे, तिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. चारी बाजूंनी उभी दगडी भिंत, वर फरशी, वर दिवे. माणसाला फिरायला छान, पण उतरता गाळाचा काठ गेला की चिखलपायी पक्ष्याला पाय टेकायला जागा उरत नाही. पाणी असूनही तलाव त्याच्यासाठी कोरडाच. गाळ काढण्याबद्दलही तेच. गाळ शेतात गेला पाहिजे, आमच्याही शेतात पडला आहे, त्याला माझा विरोध नाही. फक्त एका बाजूचा उथळ उतार तसाच ठेवावा, आणि त्या बाजूला जेसीबी पक्षी गेल्यावर, म्हणजे मे महिन्यात उतरवावा. एवढं नियोजन अवघड नाही.

लोकांना हे पटेल का, असं मला विचारतात. मी नागालँडचं उदाहरण देते. तिथं डोयांग जलाशयावर अमूर ससाणे थव्यानं उतरतात. हा चिखलपायी पक्षी नव्हे, पण तोही लांबचा प्रवासी, सैबेरिया-चीनकडून येऊन आपल्या देशावरून आफ्रिकेला जाणारा. 2012 साली तिथं जाळी लावून हजारोंनी ससाणे मारल्याचं उघड झालं. 2013 च्या हंगामात पांगती आणि आसपासच्या गावांच्या ग्रामपरिषदांनी शिकार बंद केली, आणि ती खरंच बंद झाली. मोठ्यांशी बोलणी चालू असताना लेकरांसाठी शाळांमधून निसर्गमंडळं काढली होती. पुढं ज्या ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, त्यांतल्या एकाला गावाचंच नाव दिलं, पांगती. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी समुद्र ओलांडतो आहे म्हटल्यावर त्याला कोण मारील?

आपल्याकडे तर शिकारीचा तेवढा प्रश्नही नाही. उजनीकाठच्या भिगवणच्या बाजूला मासेमारी करणारी मंडळी आज पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात, त्यावर घरं चालतात. आमच्या तलावावरच्या भोई बांधवांना कुठं किती पाणी आहे, कोणता थवा कधी उतरला, हे कुठल्याही तज्ज्ञापेक्षा नेमकं माहीत असतं. शाळेत पाहुणा म्हणून त्यांना बोलवा. ज्या लेकराचा बाप वर्गात येऊन बोलतो, त्याची मान कशी ताठ होते ते मी पाहिलं आहे. आणि शहरातल्या शाळांमध्ये तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी किती तरी घरं आहेत. पत्रकं मराठीतच छापून भागणार नाही.

शिक्षण विभाग, वन विभाग आणि ग्रामपंचायती, तिघांकडे माझी मागणी आहे. पक्षी सप्ताह नोव्हेंबरात होऊ द्या, पण तलावाकाठच्या शाळांसाठी जानेवारी ते मार्च यांतले काही शनिवार काठावर जाण्यासाठी ठेवा. सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की सुरुवात करता येईल. जानेवारीतच आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालत आलेली. तिच्यात पक्षीमित्रांसोबत सातवी-आठवीची मुलं बसवा. लेकरांना भिगवणला सहलीला जरूर न्या, पण वर्षातून एकदा बसनं जाऊन रोहित बघण्यापेक्षा आपल्याच तलावावर तोच थवा दर शनिवारी मोजणं जास्त शिकवतं. होटगी, हिप्परगा, अक्कलकोटकडचं कुरनूर, करमाळ्याकडचा उजनीचा काठ, कुठंही हे जमण्यासारखं आहे.

26 जानेवारीला ग्रामसभा असते. त्या सभेत शाळेच्या मुलांना पाच मिनिटं द्या आणि त्यांनी मोजलेले पक्षी वाचून दाखवू द्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. अनेक ठिकाणी ती वही कपाटात पडून असते. मुलांची यादी तारखेसह त्या वहीत चढली, तर उद्या तलावाला भिंत घालायचा ठराव येईल तेव्हा हातात काहीतरी कागद असेल. आमच्या गावात येत्या ग्रामसभेसाठी तसा अर्ज मी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे दिला आहे. उथळ काठ राखण्याचा ठरावही त्यात मागितला आहे.

तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी वापरात नसलेली दुर्बीण असेल, तर ती आपल्या जवळच्या तलावाकाठच्या शाळेला द्यावी. काच थोडी घासलेली असली तरी चालते. आणि दिल्यावर एखाद्या शनिवारी सकाळी सातच्या सुमारास लेकरांसोबत स्वतःही काठावर यावं. मुलांना हाताळायची सवय होईपर्यंत दुर्बीण जुळवून देणारं एक मोठं माणूस सोबत लागतंच.

आपली,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
हिप्परगा तलाव परिसर, ता. उत्तर सोलापूर