मॅट हवी असेल तर आधी मंडळाचे दप्तर बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जत्रेचे कुस्ती मैदान किंवा एका रात्रीची कबड्डी स्पर्धा म्हटली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वर्गणी जमायला वेळ लागत नाही. बक्षिसे, ढाली, मंडप, सगळे होते. त्याच गावच्या पोरांना सरावाला मात्र मॅट नसते. साधने, शेड, प्रशिक्षकाचे मानधन यांसाठी पैसा देणारी ठिकाणे आहेत. पण प्रत्येक ठिकाणचा पैसा वेगळ्या कामासाठी राखलेला असतो आणि आपली मंडळे सगळीकडे एकच अर्ज घेऊन फिरतात, तोही बहुधा बक्षिसांचा.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीचेच घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार आदल्या वर्षी ५ कोटी निव्वळ नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मूल्य, यांपैकी एक जरी असेल तरी त्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. एकदिवसीय स्पर्धा किंवा कंपनीचा फलक लावून दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही. ‘स्पर्धेला हातभार लावा’ या पत्राला नकार येतो तो यामुळे. त्यात भाषेचे राजकारण शोधण्याचे कारण नाही. त्याऐवजी चाळीस मुलामुलींचे वर्षभराचे प्रशिक्षण, त्यासाठी मॅट आणि प्रशिक्षकाचे मानधन असा प्रस्ताव द्यावा आणि तो जानेवारीच्या सुमारास द्यावा, म्हणजे कंपनीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्यात बसू शकतो. सहकारी साखर कारखाने आणि पतसंस्थांना हा २ टक्क्यांचा नियम लागू नाही. त्यांची देणगी त्यांच्या पोटनियमांवर आणि सभेच्या मंजुरीवर अवलंबून, म्हणून तिथे वार्षिक सभेच्या आधी जावे.

सीएसआरसाठी संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची १२-ए (संस्थेला करसवलत) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर-१ क्रमांक आणि कामाचा किमान तीन वर्षांचा पुरावा लागतो. इथे बरीच युवक मंडळे अडकतात. मंडळ एकच, गणेशोत्सव तेच करते आणि कबड्डी संघही त्याचाच. घटनेत धार्मिक उद्देश असला किंवा संस्था एकाच समाजासाठी आहे असे दिसले तर ८०-जी मिळणे अवघड होते. उत्सवाचे मंडळ आहे तसे राहू द्यावे आणि खेळासाठी वेगळी संस्था काढावी. १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात सभासद पुरतात. घटनेत संस्था विसर्जित झाल्यास मालमत्ता समान उद्देशाच्या संस्थेकडे जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, हे कलम हवेच. पॅन आणि बँक खाते संस्थेच्या नावे असावे. अध्यक्षांच्या बचत खात्यावर अनुदान मागणाऱ्यांना कोणीही दारात उभे करत नाही. दरवर्षीची सभा, लेखापरीक्षित हिशेब आणि नव्या कमिटीची यादी जिल्हा निबंधकांकडे दाखल झालेली हवी. राहिलेली वर्षे आधी पूर्ण करा, मगच अर्जाला हात घाला.

आमदार निधी (वर्षाला २ कोटी) आणि खासदार निधी (वर्षाला ५ कोटी) यांचा हिशेब वेगळा. आमदार-खासदार शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते, काम सरकारी यंत्रणा करते. पैसा मंडळाच्या हातात येत नाही. त्यातून टिकाऊ काम होते: शेड, कुंपण, प्रेक्षक गॅलरी. मानधन, गणवेश, बक्षिसे नाहीत. जागेचा कागद नसेल तर फाईल तिथेच थांबते. पंचायतीची जागा असल्यास ग्रामपंचायतीचा ठराव आणि ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा) उतारा पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) घ्या. देवस्थानची असल्यास पंचांचे तोंडी ‘खेळा की’ पुरत नाही. खानापूर तालुका लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात येतो आणि निपाणी चिक्कोडीत, हे अर्ज लिहिताना ध्यानात असू द्यावे. आचारसंहिता लागली की नवे काम सुरू होत नाही, तेव्हा निवडणुकीच्या तोंडावर मिळालेल्या शब्दावर फार विसंबू नये.

महाराष्ट्राच्या व्यायामशाळा अनुदानाचे शासन निर्णय आपल्याकडे मोबाईलवर फिरत असतात. ती योजना त्या राज्यातल्या संस्थांसाठी आहे. बेळगावात नोंदलेल्या तालमीने त्यासाठी कोल्हापूरला खेपा घालू नयेत.

दरपत्रकांतही घोळ होतो. पुरुषांचे कबड्डी मैदान लॉबीसह (कडेच्या पट्ट्यांसह) १३ बाय १० मीटर, म्हणजे एक मीटर चौरसाचे १३० तुकडे. अनेकजण तेवढेच मागवतात आणि कडेला उघडी फरशी राहते. तिथेच घोटे मुरगळतात. चारही बाजूंना एक-एक मीटर धरले तर १८० तुकडे लागतात. कुस्तीची मॅट १२ बाय १२ मीटर. खानापूरकडच्या पावसात गळक्या शेडमध्ये ती टाकली तर खालून बुरशी धरते, म्हणून आधी शेड, मग मॅट. तीन दरपत्रके एकाच जाडीची आणि एकाच मापाची घ्या, जीएसटी व वाहतूक वेगळी दाखवलेली. तिन्हींचे माप निराळे असेल तर तुलना होत नाही आणि फाईल परत येते.

रक्कम मिळाल्यावर ती वेगळ्या खात्यात ठेवावी, वस्तूंची नोंदवही ठेवावी, बिले जपावीत. केंद्र सरकारच्या अनुदानाचे विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते आणि त्या रकमेवरचे व्याजही परत करावे लागते. मॅटसाठी मिळालेल्या पैशातून ढाली आणल्या की पुढची दारे बंद होतात.

युवा सबलीकरण व क्रीडा खात्याने दरवर्षी एप्रिलमध्ये चालू योजना, लागणारी कागदपत्रे आणि शेवटची तारीख तालुका पंचायतीच्या फलकावर कन्नडसोबत मराठीतही लावावी, आणि आपल्या दैनिकाने ती यादी छापावी, ही विनंती.

आपला,
एक क्रीडा कार्यकर्ता, बेळगाव तालुका