यादीत नाव सापडत नाही, त्यात मराठीचा दोष नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिलं होतं की सरकारी यादीत मराठीतून नाव टाकलं की सापडत नाही, इंग्रजीतून टाकलं की लगेच येतं, म्हणजे कॉम्प्युटरला मराठी जमतच नाही. तक्रार शंभर टक्के खरी आहे पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि मी बरीच वर्षं डेटाबेसचंच, म्हणजे अशा याद्या साठवून त्यात शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचंच काम करतोय म्हणून गप्प बसवेना.

माझ्या आत्याचंच सांगतो. तिच्या आडनावात 'ऱ्ह' आहे, म्हणजे गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे अशा प्रकारचं आडनाव. मागच्या नोव्हेंबरात ती हयातीचा दाखला द्यायला गेली तर खिडकीवरच्या मुलाने नाव टाईप केलं आणि म्हणाला, आजी तुमचं नाव यादीत नाही. ७४ वर्षांची बाई, दोन बस बदलून गेलेली, तशीच परत आली. नाव यादीत होतंच हो. फक्त यादी भरणाऱ्याने 'ऱ्ह' एका पद्धतीने टाईप केला होता आणि खिडकीवरच्याने दुसऱ्या.

स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात पण आत वेगळे असतात. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसरीत साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ह. तसंच 'ॲड.' मधल्या ॲ चं, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याला स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे आणि अजूनही कितीतरी कीबोर्ड तेच करतात. घर नंबर कुणी ५ लिहितं तर कुणी इंग्रजी पाच. डेटाबेस बिचारा अक्षरन् अक्षर जुळवतो, डोळ्यांना काय दिसतं ते त्याला माहीत नसतं.

याच्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. डेटाबेसमध्ये आपल्याला आपलं स्वतःचं फंक्शन, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, लिहिता येतं. पोस्टग्रेस हा फुकट मिळणारा डेटाबेस, त्याची सुरुवात १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रोजेक्टमधून झाली तेव्हापासूनच लोकांना माहितीचे स्वतःचे प्रकार आणि स्वतःची फंक्शनं घालता यावीत ही त्यातली मूळ कल्पना होती. म्हणजे ज्यांनी तो बनवला त्यांना मराठी येत नव्हतं, पण मराठी येणाऱ्याने येऊन शिकवावं अशी जागा त्यांनी ठेवली होती. ती जागा आपण भरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

फंक्शन आठ-दहा ओळींचं होतं. नाव आत जातं, एकसारखं केलेलं रूप बाहेर येतं. आधी जोडचिन्हवाला र् चा ऱ् करायचा, मग अ वरच्या चंद्राचा ॲ, मग आकडे एका लिपीत, आणि सगळ्यात शेवटी उरलेली न दिसणारी चिन्हं आणि जास्तीच्या स्पेस काढायच्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. न दिसणारी चिन्हं आधीच काढून टाकली तर 'गोऱ्हे' मधल्या ऱ्ह चा सरळ रफार होऊन बसतो आणि मग ते नाव कधीच जुळणार नाही, ही चूक मी स्वतः करून बसलोय आणि शोधायला दोन दिवस गेले. पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ नावाचं तयार फंक्शन आहे, काही जण म्हणतात तेच वापरा, पण ते ॲ ची दोन रूपं एक करत नाही, जोडचिन्हाला हात लावत नाही. आपलं आपल्यालाच लिहावं लागतं. आणि मूळ नाव माणसाने जसं दिलंय तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, हे रूप फक्त शोधण्यासाठी. ऱ्हस्व-दीर्घ तर या फंक्शनमध्ये अजिबात सपाट करू नका, त्यात दोन वेगळी माणसं एक व्हायची.

आता सॉफ्टवेअरवाले सांगतात की फंक्शन टाकलं की सगळं स्लो होतं. हे ऐकीव नाही, त्यात तथ्य आहे. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये स्वतःचं फंक्शन लिहायची सोय २००० च्या आवृत्तीत आली आणि पुढे कितीतरी वर्षं असं फंक्शन प्रत्येक रेकॉर्डला एकदा असं चालायचं, लाखभर रेकॉर्ड तर लाखभर वेळा. २०१९ च्या आवृत्तीत ते बऱ्याच फंक्शनांच्या बाबतीत क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातच, उलगडून टाकायची सोय आली, आणि त्यामागच्या संशोधनात पुढे असलेले कार्तिक रामचंद्र आपल्या पवईच्या आयआयटीत प्रा. एस. सुदर्शन यांच्याकडे पीएचडी केलेले. इतकं मोठं काम आपल्या दारात झालंय आणि आपल्याकडच्या याद्या मात्र अजून तशाच.

पण नाव शोधायला तेवढंही लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये फंक्शनच्या उत्तरावरच इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी पटकन शोधायची सूची, बांधता येतो, म्हणजे प्रत्येक नावाचं रूप आधीच काढून ठेवलेलं असतं आणि शोधताना फक्त टाईप केलेल्या एका नावावर फंक्शन चालतं. त्यासाठी फंक्शनला 'इम्युटेबल' असं लेबल द्यावं लागतं, म्हणजे तेच नाव दिलं की कायम तेच उत्तर येणार असा शब्द द्यायचा. तो शब्द डेटाबेस तपासून बघत नाही, विश्वास ठेवतो. म्हणून आजच्या तारखेवरून वय काढणाऱ्या फंक्शनला कुणी हे लेबल लावून इंडेक्स बांधला तर गेल्या वर्षीचं वय तसंच पडून राहतं. आणि फंक्शनमध्ये पुढे काही बदललं तर इंडेक्स पुन्हा बांधायचा, नाहीतर जुनी नावं जुन्या रूपातच राहतात आणि परत तीच रड.

कॉलेजात मुलांना फंक्शन शिकवतात ते दोन आकड्यांची बेरीज करणारं. लिहिण्याची पद्धत पाठ होते, परीक्षा होते, विषय संपतो. त्याऐवजी आपल्या वर्गाच्या हजेरीपटातली नावं घेऊन हे एक फंक्शन लिहायला लावा, 'इम्युटेबल' सारख्या लेबलांचा अर्थ त्यात आपोआप येईल.

आणि जी कार्यालयं असं सॉफ्टवेअर विकत घेतात त्यांना हात जोडून एकच विनंती, बिल पास करायच्या आधी 'गोऱ्हे' हे नाव दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाईप करून बघा. दोन्ही वेळा तोच माणूस आला पाहिजे. आला नाही तर फंक्शन लिहून घ्या, एका दिवसाचं काम आहे. माझ्या आत्याला नोव्हेंबरात पुन्हा त्याच खिडकीवर जायचंय.

आपला,
एक वाचक, कराड