पेशीत शिरलं म्हणजे केंद्रकात पोचलं असं नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात जनुकांवरच्या नव्या औषधांची बातमी वाचली, हा विषय छापलात याचं खरंच बरं वाटलं, पण त्यात ‘कृत्रिम डीएनए पेशीत सोडला की तो बिघडलेल्या जनुकावर जाऊन बसतो’ असं एका वाक्यात उरकलंय ना, नेमकं तिथेच तर घोडं अडलंय, म्हणून लिहितेय.

पीएनएचंच बघा, म्हणजे पेप्टाइड न्यूक्लिइक अ‍ॅसिड, डीएनएची एक कृत्रिम नक्कल. 1991 मध्ये कोपनहेगनला पीटर नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. अक्षरं डीएनएचीच, पण ती धरून ठेवणारा साखर-फॉस्फेटचा कणा काढून त्याजागी प्रथिनांसारखा कणा बसवला, त्यामुळे त्याच्यावर ऋणभार नाही, जोडीच्या धाग्याला तो जास्त घट्ट चिकटतो आणि पेशीतली एन्झाइम्स त्याला सहसा तोडू शकत नाहीत. टेस्ट ट्यूबमध्ये एकदम भारी! जिवंत पेशींवर नुसता ओतला तर मात्र फारसा आत जातच नाही. मग त्याला धनभार असलेलं छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, जोडतात, नाहीतर नॅनोपार्टिकलमध्ये भरतात, किंवा विजेचा झटका देऊन पेशीच्या पडद्याला क्षणभर भोकं पाडतात. पेप्टाइड जोडलेला पीएनए पेशी गिळते, पण बहुतेक वेळा एका पिशवीत, एंडोसोम म्हणतात तिला, आणि त्यातला बराचसा तिथेच अडकून पडतो. जो थोडा निसटतो त्याला केंद्रकात शिरणं त्यामानाने सोपं, कारण केंद्रकाच्या पडद्याला छिद्रं असतात आणि एवढा लहान रेणू त्यातून जाऊ शकतो.

मी लॅबमध्ये नवीन असताना हिरवा चमकणारा टॅग लावून हे करून बघितलं होतं. फॉर्मल्डिहाइडने फिक्स केलेल्या, म्हणजे मारून जशाच्या तशा टिकवलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली ठेवल्या तर प्रत्येक केंद्रक गोल, हिरवंगार. मी सगळ्यांना हाका मारून दाखवलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, अगं, त्याच बॅचच्या जिवंत पेशी बघ आधी. बघितल्या, तर केंद्रक काळंकुट्ट आणि त्याच्या भोवती टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके. म्हणजे माल पिशव्यांमध्येच होता, फिक्स करताना पडदे फाटले आणि मेलेल्या पेशीत तो केंद्रकात पसरला. हा घोळ माझ्या एकटीचा नव्हता, 2003 मध्ये एका शोधनिबंधाने दाखवून दिलं की पेप्टाइडवरच्या आधीच्या कितीतरी निष्कर्षांत हीच गफलत होती.

म्हणून नुसत्या फोटोपेक्षा काम झालं का ते बघणं जास्त भरवशाचं. 1998 पासून एक युक्ती वापरतात, हेला पेशींमध्ये (लॅबमध्ये नेहमी वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी) प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेजच्या जनुकात मुद्दाम चुकीचा जोड घालून ठेवायचा, कृत्रिम तुकडा केंद्रकात पोचून त्या जागेवर बसला तरच स्प्लायसिंग, म्हणजे जनुकाच्या प्रतीतले नको ते तुकडे कापून उरलेले जोडणं, नीट होतं आणि पेशी उजळते. माझ्या मते यापेक्षा प्रामाणिक कसोटी नाही.

आणि हे सगळं हवेत नाहीये. 2016 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं नुसिनर्सन हे औषध, तेही एक कृत्रिम तुकडाच, केंद्रकातलं स्प्लायसिंगच बदलतं, पण रक्तातून ते मेंदूत आणि मज्जारज्जूत पोचत नाही म्हणून स्पायनल मस्क्युलर अट्रोफी या स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजाराच्या लहान लहान मुलांना ते पाठीच्या कण्यात टोचावं लागतं, पहिल्या दोन महिन्यांत 4 वेळा आणि मग दर 4 महिन्यांनी, कायम. पोचवायचा प्रश्न त्या घरांना रोज भोगावा लागतो.

तेव्हा एक कळकळीची विनंती, पुढच्या वेळी अशी बातमी देताना वार्ताहरांनी संशोधकांना एवढं जरूर विचारावं की हे जिवंत पेशीत बघितलं का, आणि केंद्रकात जाऊन त्याने काम केलं का, आणि जे उत्तर मिळेल ते बातमीत छापावं.

आपली,
एक नियमित वाचक