रेशमाची धास्ती घालवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. तुम्ही शिकवलंत ते मी एकटीनेच जपून ठेवावं, असं मला वाटत नाही.

रेशमाला काय करू नये, हे सांगणारे पुष्कळ भेटले होते. का करू नये, हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. "रेशीम म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखं," या तुमच्या एका वाक्यातून पुढचं सगळं उलगडत गेलं. सुती कापडाला क्षार सोसतो, रेशमाला सोसत नाही. आणि नेहमीची धुण्याची पावडर क्षारयुक्तच असते. शिवाय बऱ्याच पावडरींत डाग काढणारी एन्झाइम्स असतात. रक्ताच्या डागातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम रेशमाच्या तंतूलाही सोडत नाही. क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम चक्क विरघळवतं. हे कळल्यापासून साबणाच्या बाटलीवर मी सुगंधाऐवजी पीएच, म्हणजे आम्ल-क्षाराचं माप, बघते. 7 च्या (म्हणजे ना आम्ल, ना क्षार) आसपासचा सौम्य द्रव साबण, तोही कपडा बुडवण्याआधी पाण्यात नीट मिसळलेला. पाणी थंड, फार तर 30 अंशांपर्यंत. आणि मिनिटं मोजकीच, भिजत घालायचं नाव नाही.

पण खरी मोलाची गोष्ट पुढची. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. डाग दिसला की हात आपोआप चोळायला जातो. ओल्यावर चोळलं की वरचे बारीक तंतू तुटतात आणि पांढुरका चट्टा उमटतो. तो डाग नसतोच, त्यामुळे कितीही धुतला तरी जात नाही. तुम्ही माझा हात धरून कपडा पाण्यात नुसता हलवायला लावलात, मग टॉवेलात गुंडाळून दाबायला. पिळायचं नाही, हे हातालाच शिकवलंत. त्याबद्दल किती आभार मानू!

शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं की उरलासुरला क्षार निघतो आणि चमक खुलते. वाळवणं सावलीत, कारण उन्हाने रेशीम पिवळं पडतं आणि तंतू विरतो. इस्त्री उलट्या बाजूने, कपडा किंचित दमट असतानाच. वरून पाणी शिंपडलं तर थेंबांचे डाग राहतात. अत्तर कपडा घालण्याआधी लावायचं आणि ते सुकू द्यायचं. ठेवताना प्लास्टिक नको, धुतलेलं सुती कापड हवं, आणि अधूनमधून घड्या बदलायच्या. मळका कपडा तसाच कपाटात ठेवला तर घामाच्या नि तेलाच्या डागांवर कसर येते, हेही तुम्हीच बजावलंत.

आणखी एका गोष्टीसाठी आभार: तुम्ही "नाही"ही म्हणालात. एका कपड्याच्या आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबल्यावर रुमालावर रंग उतरला, तेव्हा "हा घरी धुवू नकोस" असं स्पष्ट सांगितलंत. जरीकामाचे, अस्तराचे आणि लेबलावर "फक्त ड्रायक्लीन" लिहिलेले कपडेही तुम्ही बाजूला काढायला लावलेत. सगळं घरी जमतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. तुमच्यावर बसला, तो यामुळेच.

आता ठेवणीतले कुडते आणि ओढण्या मी मोकळेपणी वापरते. मळले तर धुता येतील, हे ठाऊक आहे.

जुन्या रेशमावर घडीच्या जागी पडलेल्या पिवळ्या रेषांचं काय करायचं, ते मात्र विचारायचं राहिलं. या आठवड्यात तो कपडा घेऊनच येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची