मातीच्या वेळी नरक कुणाला ऐकवायचा?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीच्या मातीला गेलो होतो. आम्ही मराठी ख्रिस्ती, पण कबरस्तानात निम्मी गर्दी शेजारपाजारच्या हिंदू-मुसलमानांची. पेटी अजून खाली उतरली पण नव्हती आणि बाहेरगावच्या एका पाहुण्या उपदेशकानं माईक धरून पंचवीस मिनिटं नरक ऐकवला, आग, किडे, रडणं, दात खाणं, आणि प्रभूला न स्वीकारणारे सगळे तिकडेच. म्हातारीला शेवटची दोन वर्षं रोज डबा देणारी शेजारीण माझ्या बाजूलाच उभी होती, ती हळूच म्हणाली, "काका, म्हणजे मी पण का?" मला तिथं काही बोलता आलं नाही म्हणून हे पत्र.

नरकच नाही असं म्हणणारा मी नाही, आणि शब्द येशूच्या तोंडचाच आहे. बायबलच्या नव्या करारात आपण ज्याला नरक म्हणतो तो मूळचा 'गेहेन्ना', म्हणजे यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी, जिथं जुन्या काळी मोलख नावाच्या दैवतासाठी पोटची पोरं आगीत द्यायचे आणि यिर्मया संदेष्टा त्यावर संतापून बोललाय. हा शब्द 12 वेळा येतो, त्यातला 11 वेळा येशू बोलतो. पण कुणाला? आपल्याच शिष्यांना, मागं येणाऱ्या लोकांना, नाहीतर शास्त्री-परूश्यांना, म्हंजे धार्मिक मंडळींनाच. भावाला मूर्ख म्हणालात तरी अग्निनरक, असं त्यानं आपल्याच माणसांना सुनावलं, परक्यांना नाही. उरलेला बारावा याकोबाच्या पत्रात जिभेबद्दल आहे, तो माईकवाल्यांनी जरूर वाचावा.

दुसरं म्हणजे आपले मराठी शब्द. नरक म्हटलं की हिंदू शेजाऱ्याला गरुडपुराणातला आठवतो, तिथं भोग संपले की सुटका असते, इथं शिकवण सार्वकालिक शिक्षेची, हा फरक कुणी समजावतच नाही. आणि तारण म्हटलं की सोनेतारण कर्ज! बुडणाऱ्याला वर काढणं हा त्यातला अर्थ राहूनच जातो.

आता कुणी म्हणेल डबा दिल्यानं काय तारण होतं, ते कृपेनं होतं, कर्मानं नाही, बायबलमधलं इफिसकरांस पत्र 2:8. बरोबर आहे, मी पण लहानपणापासून तेच पाठ केलंय. सगळ्यांनी पाप केलंय, तारणाची गरज सगळ्यांना आहे, बाकावर बसणाऱ्यालाही आणि माईक धरणाऱ्यालाही. पण कृपाच आहे ना, मग तिच्या दारावर वॉचमन म्हणून आपल्याला कुणी बसवलं? आम्ही काही कॅथलिक नाही, तरी सांगतो, 1964 साली त्यांच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनं लिहून ठेवलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त माहीत नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांनाही तारण मिळू शकतं. आमच्यातल्या पुष्कळांना हे पटत नाही, ठीक आहे, पण निदान मातीच्या वेळी तरी निकाल देऊ नका.

परवा त्या शेजारणीला मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25 वा अध्याय वाचून दाखवला, भुकेल्याला खायला दिलं तो. शेवटी म्हणाली, "यात पण आग आहेच की काका." आहे म्हटलं, पण त्यात जाणारे येशूला काय हाक मारतात ते बघ. तिनं परत वाचलं. 'प्रभूजी'.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर